काकूंनी पिक्चर पाहिला

आमच्या आणि काकूंच्या परसामध्ये मेंदीचं कुंपण आहे. गेली पंधरा वर्षं ते एका ठिकाणी वाढायचं नाव घेत नाही, कारण तिथून आमटीची वाटी, वर्तमानपत्राची पुरवणी आणि गावातल्या बातम्या यांची सतत ये-जा असते. मिरजेत कुणाचं काय बिनसलं ते मला आधी त्या भगदाडातून कळतं, मग व्हॉट्सॲपवर. परवा चारच्या सुमाराला काकू मेथीची जुडी घेऊन पायरीवर बसल्या होत्या आणि पानं खुडायच्या ऐवजी ओरबाडत होत्या. कुणावर तरी राग आहे, हे लांबूनच समजलं.

“अगं, तू तो बाप बघितलायस का?”

“कुठला बाप, काकू?”

“तो पियानोवाल्याचा! नातवानं काल लॅपटॉपवर लावून दिला. म्हणाला, आजी, तुला गाण्याबजावण्याचं आवडतं ना, हा बघ. रात्री साडेबारापर्यंत बघत बसले. सकाळी दूध उतू गेलं.”

काकूंनी ‘शाइन’ पाहिला होता. डेव्हिड हेल्फगॉट या ऑस्ट्रेलियन पियानोवादकाच्या आयुष्यावर स्कॉट हिक्स यांनी १९९६ साली काढलेला चित्रपट. पोरगा असामान्य, बाप जमदग्नी. अमेरिकेला शिकायला बोलावणं येतं, बाप जाऊ देत नाही. पुढे पोरगा बापाच्या मनाविरुद्ध लंडनच्या रॉयल कॉलेजात जातो, रखमानिनॉफ या संगीतकाराचा तिसरा पियानो कन्चेर्टो वाजवतो, शेवटचा सूर वाजतो आणि तो तिथंच रंगमंचावर कोसळतो. मग इस्पितळ, वर्षानुवर्षं शुकशुकाट. एके दिवशी पावसात भिजलेला हा माणूस एका खानावळीत शिरतो, मग पुन्हा तिथं येऊन तोंडात सिगारेट धरून पियानोवर असा काही तुटून पडतो की जेवणारे चमचे खाली ठेवतात. मग प्रेम, लग्न, मैफल, टाळ्या. जेफ्री रश यांना या कामासाठी ऑस्कर मिळालं, आणि त्याच सोहळ्यात खुद्द हेल्फगॉट पियानो वाजवून गेले.

“मी रडले गं,” काकू म्हणाल्या. “पण रडून झाल्यावर राग आला. त्या बापाला कुणी विचारलं का, बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे?”

“तो तोवर वारला होता, काकू. पण त्याच्या मुलीनं विचारलं.”

मेथी थांबली. काकूंना ‘मुलीनं’ एवढा शब्द पुरतो.

मग मी सगळं सांगितलं. डेव्हिडची बहीण मार्गारेट हिनं १९९८ मध्ये पुस्तकच लिहिलं, ‘आउट ऑफ ट्यून’. बेसूर. आमचा बाप असा नव्हता, तो राक्षस नव्हता, लंडनहून परतल्यावर डेव्हिड घरीच राहिला होता, असं तिचं म्हणणं. सिनेमा पाहून पुष्कळांची समजूत होते की बाप नाझींच्या छळछावणीतून वाचलेला, म्हणून असा कडू झालेला. प्रत्यक्षात तो महायुद्धाच्या आधी, १९३० च्या दशकातच, पोलंडहून ऑस्ट्रेलियात आलेला होता. मागे राहिलेले नातेवाईक मात्र मारले गेले. दुसऱ्या बाजूला डेव्हिडची बायको गिलियन, तिचंही पुस्तक आहे. सिनेमात शेवटी जिच्याशी लग्न होतं ती हीच.

“आणि काकू, गिलियन ही दुसरी बायको.”

“काय सांगतेस! मग पहिली?”

“होती. १९७१ मध्ये लग्न झालं होतं. सिनेमात ती नाहीच.”

“अख्खी बायको गाळली?” काकूंनी मेथीची काडी माझ्यावर रोखली. “म्हणजे बाप वाढवला आणि बायको कापली. अगं, आमच्या आत्याबाई सांगायच्या तशीच झाली की ही गोष्ट. त्यांच्या गोष्टीत नेहमी तीनच माणसं असायची. एक गरीब गाय, एक कसाई आणि एक सोडवणारा. चौथा आला की त्या म्हणायच्या, त्याचं आपल्याला काय करायचंय!”

मी सिनेमावर बरंच वाचलेलं आहे, पण पटकथेचं इतकं स्वच्छ वर्णन कुणी केलेलं आठवत नाही.

“बरं, मला सांग,” काकू पुढं सरकल्या, “ते जे वाजवतो, तिसरं का काय, ते वाजवून माणसाचं डोकं फिरतं? पिक्चरात तसंच दाखवलंय. मास्तर म्हणतात, हे अवघड आहे बाबा, याच्या नादी लागू नकोस. पोरगा लागतो आणि कामातून जातो.”

अवघड आहेच. पियानोवाले त्याला वचकून असतात. पण जगात दर वर्षी कितीतरी जण तो वाजवतात, घरी जाऊन जेवतात आणि झोपतात. खरी मौज पुढं आहे, आणि ती मी काकूंना सांगितलीच. या रखमानिनॉफची पहिली सिंफनी १८९७ मध्ये साफ पडली. टीकाकारांनी फाडून खाल्लं. माणूस असा खचला की तीनएक वर्षं त्याच्या हातून धड काही लिहून होईना. १९०० साली घरच्यांनी त्याला निकोलाय दाल नावाच्या डॉक्टरकडे नेलं. हा डॉक्टर संमोहनाचे उपचार करायचा, स्वतः व्हायोलाही वाजवायचा. रखमानिनॉफ रोज त्याच्याकडे जाऊन बसायचा. हळूहळू गाडी रुळावर आली आणि त्यानं दुसरा पियानो कन्चेर्टो लिहून पुरा केला. आजही तो जगातल्या सगळ्यात लाडक्यांपैकी एक आहे. अर्पण कुणाला केला? डॉक्टर दाल यांना.

“डॉक्टरला?” काकू खूश झाल्या. “बघ, हे कसं माणसासारखं वागणं झालं. आम्ही भाऊजींच्या डॉक्टरांना दर वर्षी आंब्याची पेटी देतो. यांच्याकडे कन्चेर्टो होता, त्यांनी तो दिला. मग यावर का नाही काढत पिक्चर?”

काय सांगणार! रोज दुपारी एक माणूस डॉक्टरकडे जातो, आरामखुर्चीत बसतो, घरी येतो. तीन महिने हेच. यात कोसळायचं कुठं? पाऊस कधी पाडायचा?

भाऊजींचं नाव निघालं म्हणून सांगते. भाऊजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. काका गेल्यापासून घरात दोघंच. आमच्या गल्लीत सगळे त्यांना भाऊजीच म्हणतात, भाजीवालासुद्धा. सकाळी दहाला आणि रात्री नऊला गोळ्या, दुपारी झोप, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाचनालयात कॅरम. ते कधीकाळी गायचे हे मला इथं राहायला आल्यावर पाच वर्षांनी कळलं. काकू सगळ्या गावाचं सांगतात, पण एवढी एक गोष्ट त्यांनी भगदाडातून पलीकडे येऊ दिली नव्हती.

“गावात काय बोलायचे ठाऊक आहे?” काकूंनी आवाज खाली आणला. “भाऊजींना दरबारी बाधला म्हणे. दुपारी गायले, अवेळी गायले, म्हणून रागानं झपाटलं. दुसरे म्हणायचे, उरुसात दर्ग्यापुढं गायला बसले, मोठे मोठे लोक समोर, वरचा सा लागला नाही आणि तिथंच डोकं फिरलं.”

“आणि खरं?”

“खरं म्हणजे उरुसात ते छान गायले. दाद घेऊन आले. घरी येऊन पिठलंभात खाल्लं.”

आमच्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसातली संगीतसभा ही मोठी गोष्ट. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच विसावलेत, त्यांच्या स्मृतीला सूर वाहायला देशभरातून मंडळी येतात. तिथं ज्याला बसायला मिळालं त्याची गावात कॉलर ताठ. तेव्हा ‘तिथंच कोसळला’ ही गोष्ट गावाला का आवडली असेल, हे समजतं. ‘शाइन’वाल्यांनाही अगदी तीच आवडली.

मी म्हटलं, काकू, हे काही आजचं नाही, व्हिएन्नात दोनशे वर्षांपूर्वी हेच झालं. आणि त्यांना ‘अमेडियस’ सांगितला. मिलोश फोरमन यांचा १९८४ चा सिनेमा, आठ ऑस्कर. सुरुवातीलाच म्हातारा संगीतकार सालिएरी गळ्यावर वार करून घेतो, त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेतात, आणि तिथं तो पाद्र्यापुढं बोलत सुटतो की मोझार्टला मी मारलं. शेवटी त्याची खुर्ची ढकलत नेतात तेव्हा आजूबाजूला साखळदंडातले वेडे, आणि हा सगळ्या सामान्य माणसांना आशीर्वाद देतोय. बघताना अंगावर काटा येतो, नाही म्हणत नाही मी.

“मग मारलं होतं का?”

“छे! म्हातारपणी त्याचं मन थकलं, इस्पितळात होता, तेव्हा कुणीतरी कंडी पिकवली की हा कबुली देतोय. तो १८२५ मध्ये गेला. पाच वर्षांत पुश्किननं त्यावर नाटुकलं लिहून टाकलं. पुढं त्याचा ऑपेरा झाला, मग पीटर शाफरचं नाटक, मग सिनेमा. आणि काकू, हा सालिएरी शिकवायचा कुणाकुणाला? बीथोव्हेनला, शुबर्टला, लिस्टला. आणि खुद्द मोझार्टच्या धाकट्या मुलाला.”

काकूंनी क्षणभर हिशेब केला. “म्हणजे मोझार्टच्या बायकोनं, ज्यानं नवरा मारला त्याच्याकडं पोराला शिकायला धाडलं? फुकटची कंडी आहे ही. बाईमाणसाला आधी विचारायचं.”

सालिएरीचा खटला इतक्या लवकर कुणी निकालात काढला नसेल.

“पण एक कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्या पिक्चरात जो हुशार तो वेडा. ह्यात जो कमी हुशार तो वेडा. मग शहाणं राहायचं कुणी?”

त्यात मी ‘हिलरी अँड जॅकी’ काढला, ते जरा चुकलंच. १९९८ चा सिनेमा, ब्रिटिश चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे आणि तिची बहीण हिलरी यांचा. बहिणीच्या आणि भावाच्या आठवणींवरून केलेला. त्यात जॅकी बहिणीच्या नवऱ्यावर हक्क सांगते असं आहे. हे ऐकल्यावर काकूंनी सवयीनं मागं वळून पाहिलं, जणू द्यू प्रे मंडळी पलीकडच्या गल्लीत राहायला होती. पुढचा पाव तास संगीत बाजूलाच राहिलं. मला सांगायचं होतं ते वेगळंच. तिच्या बोटांतली जाणीव जायला लागली तेव्हा आधी हा मनावरच्या ताणाचाच प्रकार समजला गेला. १९७३ मध्ये निदान झालं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. म्हणजे मज्जासंस्थेचा रोग. १९८७ मध्ये ती गेली, अवघी बेचाळीस वर्षांची. सिनेमा आला तेव्हा येहुदी मेन्युहिन, इट्झाक पर्लमन, रोस्त्रोपोविच अशा तिच्या सोबत्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं की ही आमची जॅकी नव्हे. बहिणीचं म्हणणं की माझी होती.

“दोन्ही खरं असेल,” काकू म्हणाल्या. “आमच्या सासूबाई बाहेर साखर होत्या.” आणि मग एकदम गप्प झाल्या.

मी विषय बदलायला ‘बैजू बावरा’ काढला. मिरजकरांना हा सिनेमा माहेरच्यासारखा. १९५२ चा, विजय भट्टांचा, नौशादचं संगीत. तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँ, बैजूचा आवाज आमचे बापूराव पलुस्कर. ‘आमचे’ अशासाठी की त्यांचे वडील विष्णु दिगंबर इथं मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. जुगलबंदीत बैजूच्या सुरानं दगड वितळतो.

“काकू, त्यालाही ‘बावरा’ केव्हा म्हणतात? गौरी गेली असं समजून तो गात गात तानसेनाच्या गावात शिरतो, आणि तिथं रस्त्यावर गाणाऱ्याला देहदंड. लोक म्हणतात, वेडा आहे का हा! म्हणजे ते नुसतं धाडस होतं, दुःख होतं. आजार नव्हे.”

“पण आपल्याकडं ते आवडतं बाई. गाण्यानं वेड लावलं म्हणायचं, वेडापिसा गातो म्हणायचं. भाऊजी रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे तेव्हा लोक कौतुकानं म्हणायचे, वेडं पोर आहे. नंतर तोच शब्द तोंड फिरवून म्हणायला लागले.”

आता मेथी संपली होती, पण काकू उठल्या नाहीत.

“कसं सुरू झालं सांगू? चोवीस वर्षांचे होते. एक दिवस म्हणाले, वहिनी, तंबोऱ्यात कुणीतरी बोलतंय. आम्हाला आनंद झाला.”

“आनंद?”

“अगं, तंबोरा चांगला लागला की त्यात गंधार ऐकू येतो ना. तार कुणी गंधाराला लावलेली नसते. पंचम, दोन षड्ज आणि खर्ज, एवढंच. पण खर्जातून गंधार आपोआप उठतो, स्वयंभू. तो ऐकू यायला कान तयार व्हावा लागतो, काहींना जन्मभर येत नाही. त्यांना गाणं शिकवणाऱ्या बुवांना सांगितलं तर तेही खूश. म्हणाले, पोराचा कान उघडला. महिनाभर आम्ही सगळ्यांना सांगत होतो, भाऊजींना तंबोऱ्यात ऐकू येतं म्हणून. मग एका पहाटे ते तंबोरा उताणा ठेवून त्याच्याशी भांडत होते. म्हणाले, हा माझं नाव घेतो. दूधवाल्याला सामील आहे.”

मी काही बोलले नाही. काकूंनी पदरानं हात पुसले.

“मग सहा महिने अंगारेधुपारे. कुणी म्हणे येरवड्याला ठेवा. मग एक डॉक्टर मिळाले, त्यांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. आणि नाव सांगितलं म्हटल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न काय? कुणामुळं झालं.”

“कुणामुळं म्हणाले लोक?”

“अर्धे म्हणाले बुवांमुळं. फार कडक, चार-चार महिने नुसता खर्ज लावायला लावायचे, एक पलटा चुकला की हाकलायचे. आणि अर्धे म्हणाले सासूबाईंमुळं. त्यांना पोरगा बँकेत चिकटायला हवा होता. एकदा चिडून तंबोरा अंगणात ठेवला होता त्यांनी, पावसात.” काकू थांबल्या. “ते पावसाचं गावभर मी सांगितलं होतं. ह्याच भगदाडातून. तुझ्याआधी जे राहायचे ना, त्यांना. नवी नवी सून होते, सासूवर राग होता, गोष्ट हाताशी आली. काल त्या पिक्चरात बापानं पोराची कात्रणं जाळली ना, तेव्हा मला अंगणातला तंबोराच दिसला. म्हटलं, हे तर मीच काढलेलं पिक्चर.”

यावर काय बोलावं सुचेना, म्हणून मी जे वाचलं होतं ते सांगितलं. की ही फक्त काकूंची चूक नव्हती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन या नामांकित मनोविकारतज्ज्ञ बाईंनी अशा आईसाठी एक शब्दच घडवला, स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई. पुढची दोन-तीन दशकं मोठमोठ्या दवाखान्यांतून आयांना हेच ऐकवत होते. नंतर ते सगळं सोडून द्यावं लागलं. अनुवंश, मेंदूची घडण, त्यावरचे आघात असं पुष्कळ काही त्यात असतं. घरातल्या ताणानं आजार उसळतो, हे खरं, पण एका माणसानं तो ‘केला’ असं होत नाही.

“हे सासूबाईंना सांगायला हवं होतं,” काकू म्हणाल्या. “त्या चौदा वर्षं तसंच समजून गेल्या.”

मग थोडा वेळ कुंपणावरचा बुलबुल एकटाच बोलला.

मलाच राहवेना म्हणून मी म्हटलं, काकू, पुढच्या खेपेला नातवाला ‘द सोलोइस्ट’ लावायला सांगा. २००९ चा आहे, जो राइट यांचा. लॉस एंजेलिसमधला पत्रकार स्टीव्ह लोपेझ याला २००५ मध्ये बीथोव्हेनच्या पुतळ्यापाशी एक बेघर माणूस दोनच तारा उरलेलं व्हायोलिन वाजवताना भेटतो. नथानिएल एयर्स. ज्युलियार्डसारख्या शाळेत कॉन्ट्राबास शिकलेला, तिथंच आजार सुरू झाला. पत्रकाराला वाटतं, चांगलं वाद्य दिलं, खोली दिली, गोळ्या दिल्या की झालं. होत नाही. एयर्स चिडतो, अंगावर धावतो, गोळ्या घेत नाही. शेवटी बरा होत नाही, फक्त दोघांची दोस्ती टिकते. सगळा सिनेमा मला आवडला नाही. बीथोव्हेन ऐकताना पडदाभर रंगांचे ढग सोडलेत, ते बघून लग्नाच्या हॉलमधले दिवे आठवले. पण कसाई नाही त्यात. कुणामुळं झालं, हे कुणी विचारत नाही.

“आणि आपल्याकडं?”

आपल्याकडं ‘देवराई’ आहे ना. २००४ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. अतुल कुलकर्णीचा शेष, सोनाली कुलकर्णीची बहीण. शेष गवई नाही, तो एका देवराईत गुंतलेला आहे. पण मला त्यात बहीणच जास्त आठवते. भाऊ घरात आल्यावर तिच्या संसाराची कशी एकेक वीट हलते, ती त्याच्यावर प्रेमही करते आणि वैतागतेही, आणि वैतागल्याची तिला लाज वाटते.

“ही माझीच गोष्ट,” काकू म्हणाल्या. “फक्त बहिणीच्या जागी वहिनी.”

याच सुमित्रा भावेंचा आवाज ‘द डिसायपल’मध्ये आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा २०२० चा मराठी सिनेमा, व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला. शरद नावाचा मुलगा गाणं शिकतोय, आणि रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवताना कानात ‘माईं’ची जुनी व्याख्यानं ऐकतोय. साधना, एकटेपण, शुद्धता. माई पडद्यावर कधी येत नाहीत, नुसता आवाज. तो भावेंचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. आम्ही तो तेव्हा पाहिला. आवाज ऐकताना घरात कुणी बोललं नाही.

“त्यात शरदला वेड लागतं?”

“नाही.”

“कोसळतो?”

“नाही. थोडा चिडका होतो. पोट सुटतं. वर्षं जातात. आपण फार मोठे होणार नाही हे त्याला कळत जातं, एवढंच. एक मैफल अर्ध्यावर सोडून उठतो. शेवटी बायको-मुलगी आहे, काहीतरी धंदा काढलाय, लोकलमध्ये बसलाय.”

“मग त्यात बघायचं काय?”

“एक प्रसंग तुम्हाला आवडेल. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणारा एक जाणकार शरदला बसवून माईंबद्दल आणि त्याच्या गुरुजींबद्दल नको नको ते सांगतो. आतल्या गोष्टी, अगदी चवीनं. शरद ऐकून घेतो, ऐकून घेतो, आणि ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकतो.”

काकू हसल्या, दुपारपासून पहिल्यांदा. “माझ्या तोंडावर कुणी फेकायला हवं होतं गं त्या वेळी.”

मग त्यांनी आत हाक मारली, “भाऊजी, चहा टाकू का?” आतून “अर्धा” असं उत्तर आलं. भाऊजी बाहेर आले, पायरीवर बसले. मी जवळून पाहिलं ते त्या दिवशीच म्हणायचं. कपबशी त्यांच्या हातात बारीक किणकिणत होती. बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरला, तेव्हा थांबली. इतक्या वर्षांच्या गोळ्या. आजार आवरतात, पण हाताला कंप येतो, अंग जड होतं. गाणाऱ्याचं त्यातल्या त्यात निभावतं, पण सतारिया किंवा तबलजी असेल तर त्यानं काय करायचं? गोळी घेतली तर बोट चालत नाही, नाही घेतली तर डोकं चालत नाही. रोज सकाळी दहा वाजता हा निवाडा. कुठल्या सिनेमात हा प्रसंग आहे मला माहीत नाही. मी तरी पाहिलेला नाही.

“काय बघितलं ते वहिनींनी सांगितलं का?” भाऊजींनी मला विचारलं. “मीही पाहिला अर्धा. पियानोवाला बोलतो फार भरभर. मग मला झोप आली.”

“आवडला का?”

त्यांनी विचार केला. “शेवटी बरा होतो ना तो? टाळ्या पडल्यावर?”

“तसंच दाखवलंय.”

“हं,” भाऊजी म्हणाले. “मी टाळ्या पडल्यावर आजारी पडलो.” आणि चहा संपवून, कप विसळून, कॅरमला निघून गेले.

ते फाटकाबाहेर गेल्यावर काकू मला आत घेऊन गेल्या. माजघरात, कपाटाच्या मागं, खोळीत तंबोरा. खोळ काढली. मोठा, मर्दानी. भोपळा पंढरपूरकडचा, चांगला घेराचा, एका बाजूला पावसानं पॉलिश फुगल्याचा डाग, पोळपाटाएवढा. तारा नव्या दिसल्या.

“गेल्या महिन्यात सतारमेकर गल्लीत देऊन जवारी काढून आणली,” काकू म्हणाल्या. “मी तिथं बसूनच होते. त्यानं घोडीवर कानस फिरवली अगदी हलकी, मग कागदानं घासली, मग तारेखाली दोरा सरकवत बसला. एक केस इकडं, एक केस तिकडं. बराच वेळ नुसतं ठक-ठक. आणि एकदम खुलला बघ. मला तर रडूच आलं. वाटलं, भाऊजींना दाखवावं. आणला, समोर ठेवला, तार छेडली.”

“मग?”

“त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. म्हणाले, पंचम उतरलाय. मणी सरकवून बरोबर केला. मग म्हणाले, वहिनी, हा कुणाला तरी देऊन टाका, घरात नको. बास. रडले नाहीत, काही नाही. मीच वेडी, मला वाटलं आता पिक्चरासारखं होईल.”

मी तार छेडून पाहिली. खर्ज घरभर पसरला. गंधार ऐकू येतो का म्हणून कान लावून बसले. मला नाही आला.

तर तंबोरा द्यायचा आहे. मर्दानी, चार तारांचा, जवारी ताजी, भोपळ्यावर एक डाग, तडा कुठंही नाही. खरंच गाणं शिकणारं कुणी असेल तर काकूंना पैशांची फारशी अपेक्षा नाही, शोभेला दिवाणखान्यात टांगणाऱ्याला मिळणार नाही. मिरजेत येऊन न्यावा लागेल. दुपारी चारनंतर या, त्याआधी भाऊजी झोपलेले असतात. डाग कशाचा म्हणून विचाराल तर काकू आता सांगतात: पावसात राहिला होता. कुणी ठेवला, ते सांगत नाहीत.